एकाच ब्रँडचे प्रोटीन पावडरचे डबे सगळे सारखेच दिसतात, मग त्यातला आपला कुठला? (पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी)

माझा पहिला डबा संपला तेव्हा मी डोळे झाकून दुसरा मागवला. तोच ब्रँड, तोच निळा डबा, तीच मोठी पांढरी अक्षरं, फ्लेवर पण तोच. सकाळी घाईत शेकरमध्ये एक स्कूप टाकला, पाणी ओतलं, हलवलं, तेवढ्यात फोन आला म्हणून दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि परत येऊन झाकण उघडलं तर आत चमचा उभा राहील असा लगदा. पावडर खराब निघाली असं समजून मी तक्रार टाईप करायला बसले, फोटो काढायला डबा फिरवला, आणि तेव्हा कुठे ब्रँडच्या नावाखालची बारीक ओळ दिसली: मायसेलर केसीन. पावडर एकदम ठणठणीत होती, मीच व्हेच्या जागी केसीन मागवलं होतं (दोन्ही दुधातलीच प्रोटीन, पण केसीन पाण्यात घट्ट होत जातं). ब्रँडचं नाव नाही घेत, कारण चूक पूर्ण माझी.

त्यानंतर मी डबे वाचायला शिकले, आणि आता ओळखीतलं कोणी पहिल्यांदा प्रोटीन घेणार असेल तर डब्याचे फोटो मला येतात, "ह्यातला कुठला?" म्हणून. दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. लांबलंय थोडं, पण डबा हातात घेऊन वाचलंत तर पटकन कळेल.

काय काय जवळ ठेवायचं

- ज्या डब्यांमध्ये गोंधळ होतोय त्यांच्या मागच्या लेबलचे स्पष्ट फोटो. पुढच्या बाजूचा फोटो असला नसला तरी चालेल
- मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- जुना डबा अजून फेकला नसेल तर तो, किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो
- तुमची स्वतःची माहिती: वजन किती, दूध पचतं का, कसली ॲलर्जी आहे का, कुठली औषधं चालू आहेत का

किडनीचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा डॉक्टरांनी प्रोटीनवर मर्यादा घातली असेल तर आधी डॉक्टर, मग डबा. यात माझा अनुभव तुमच्या काही उपयोगाचा नाही.

१. आधी हवंय कशाला ते ठरवा

हे पटकन उरकू. साध्या प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रोटीन लागतं असं धरतात, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने २०१७ मध्ये १.४ ते २ ग्रॅमचा आकडा दिलाय. जेवणातून किती जातं ते मोजा, जी तूट राहील तेवढंच पावडरचं काम. फक्त तूट भरायची आहे की वजन वाढवायचंय की दूध पचत नाही म्हणून पर्याय हवाय, हे एका ओळीत कागदावर लिहा. ही ओळ नसली की माणूस ज्या डब्यावर सर्वात मोठा आकडा छापलाय तो उचलतो, आणि सर्वात मोठा आकडा बहुतेक वेळा गेनरवर, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरवर असतो.

२. नावातले शब्द सोडवा

खरा गोंधळ इथेच होतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

उदाहरण म्हणून ऑप्टिमम न्यूट्रिशन घ्या (माझा किस्सा ह्यांचा नाही, उदाहरण सोपं आहे म्हणून घेतेय). गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के व्हे, गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के आयसोलेट, गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के केसीन. तीन वेगळ्या वस्तू, आणि नावाचा पहिला अर्धा भाग शब्दाला शब्द सारखा. वर प्लॅटिनम हायड्रोव्हे आणि सीरियस मास आहेतच. आपला डोळा मोठी अक्षरं वाचून थांबतो आणि फरक सांगणारा शब्द नेमका शेवटी असतो. म्हणून नाव उलटं वाचायची सवय लावा, शेवटचा शब्द आधी.

आता त्या शब्दांचे अर्थ. गाईच्या दुधातल्या प्रोटीनमध्ये साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. चीज बनवताना दूध फाडलं की घट्ट भाग होतो ते केसीन, आणि जे पिवळसर हिरवट पाणी सुटतं त्यात व्हे असतं. ते पाणी गाळून, वाळवून पावडर होते. किती गाळलं त्यावर नाव ठरतं.

कॉन्सन्ट्रेट म्हणजे कमी गाळलेलं. त्यात प्रोटीन ३५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, चांगल्या पावडरींमध्ये सहसा ८० टक्केवालं वापरतात. बाकीचं म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर), थोडी चरबी, क्षार आणि ओलावा. चवीला हे जरा दुधाळ, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना एवढं पुरतं.

आयसोलेट आणखी गाळलेलं, पाण्याचा अंश वजा करून धरलं तर ९० टक्के किंवा जास्त प्रोटीन. लॅक्टोज आणि चरबी जवळजवळ निघून गेलेली. पाण्यात पातळ होतं, चव हलकी लागते.

हायड्रोलाइज्ड म्हणजे एन्झाइम वापरून प्रोटीनचे आधीच छोटे तुकडे केलेले. पचायला भरभर जातं, पण तुकडे केल्यामुळे कडवटपणा येतो आणि तो झाकायला स्वीटनर आणि फ्लेवर जास्त लागतो. नवीन माणसाने ह्याच्या मागे धावायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लेंड म्हणजे मिश्रण. आयसोलेट अधिक कॉन्सन्ट्रेट, किंवा व्हे अधिक केसीन, किंवा आणखी काही. ब्लेंड वाईट नसतं, फक्त ब्लेंड शब्दावरून काहीच कळत नाही, ते पायरी ४ मध्ये बघू.

केसीन, नावापुढे बहुतेकदा मायसेलर लिहिलेलं. पोटातल्या आम्लात ह्याच्या गुठळ्या होतात म्हणून सावकाश पचतं. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दोन्ही देऊन बघितलं होतं, व्हेनंतर रक्तातली अमिनो ॲसिड (प्रोटीनचे सुटे घटक) भरकन चढतात आणि उतरतात, केसीननंतर हळू चढतात आणि बराच वेळ टिकतात, तिथूनच फास्ट आणि स्लो प्रोटीन हे शब्द रूढ झाले. झोपण्याआधी घेणारे लोक केसीन घेतात ते म्हणून.

गेनर किंवा मास लिहिलेला डबा हा प्रोटीनचा डबाच नव्हे, तो कार्बचा डबा आहे ज्यात प्रोटीन पण आहे. मुख्य माल बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली कार्बची पावडर.

डाएट, लीन, श्रेड असं काही लिहिलं असेल तर जास्तीचं काय टाकलंय ते बघाच, कारण अशा डब्यांत ग्रीन टीचा अर्क, कार्निटीन, कधी कॅफीन पण असतं. आधीच कॉफीवर जगणाऱ्या माणसाने हे संध्याकाळी घेतलं तर झोपेचं खोबरं.

क्लिअर व्हे म्हणजे सरबतासारखं पारदर्शक होणारं आयसोलेट, चवीला आंबटसर. दुधात टाकलंत तर दूध फाटल्यासारखं होईल, उगाच प्रयोग नको.

कोलाजेन त्याच ब्रँडच्या त्याच आकाराच्या डब्यात येतं आणि त्यावरही मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेलं असतं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो ॲसिड नसतंच. त्वचेसाठी कोणी घेत असेल तर घ्या, स्नायूंच्या हिशोबात ते व्हेच्या जागी धरू नका.

प्लांटवाल्यात सोया किंवा वाटाणा किंवा दोन-तीन मिसळून असतं. दूध अजिबात चालत नसेल तर हा रस्ता.

आणि तो "१०० टक्के" शब्द. १०० टक्के व्हे म्हणजे डब्यातलं सगळं प्रोटीन व्हेपासून आलंय, एवढंच. डब्यात १०० टक्के प्रोटीन आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि सगळं आयसोलेट आहे असा तर मुळीच नाही.

३. डबा उलटा करा आणि एक भागाकार करा

मागच्या तक्त्यात दोन आकडे शोधा. एका सर्व्हिंगचं वजन किती ग्रॅम, आणि त्यात प्रोटीन किती ग्रॅम. प्रोटीनला वजनाने भागा, १०० ने गुणा. झालं.

३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २७ ग्रॅम प्रोटीन असेल तर ९० टक्के, हे बिनफ्लेवरचं आयसोलेट असणार. ३० मध्ये २५ असेल तर ८३, फ्लेवरवालं आयसोलेट किंवा आयसोलेट जास्त असलेलं ब्लेंड. ३२ मध्ये २४ असेल तर ७५, साधं कॉन्सन्ट्रेट. ६० च्या खाली गेलं की विचारा बाकी काय भरलंय. आणि गेनर बघायचा तर सीरियस मासचं एक सर्व्हिंग सुमारे ३३४ ग्रॅमचं आहे, १२५० कॅलरी, प्रोटीन ५० ग्रॅम. डब्यावर ५० बघून वाटतं वा, शेजारच्या डब्यात ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये तर २४च आहे! भागाकार केला की ५० चे १५ टक्के होतात आणि २४ चे ८० च्या आसपास. वजन वाढवायलाच घेत असाल तर गेनर त्याच्या जागी बरोबर आहे, पण "जास्त प्रोटीनवालं" म्हणून कोणी घेतलं असेल तर त्याचा वजनकाटा महिन्याभरात वेगळीच गोष्ट सांगेल.

सापळा: दोन डब्यांची तुलना "प्रति सर्व्हिंग" आकड्यांवर कधीच करू नका. एकाचं सर्व्हिंग एक स्कूप, दुसऱ्याचं दोन स्कूप, असं एकाच ब्रँडमध्ये पण असतं. प्रति १०० ग्रॅमचा रकाना असेल तर सरळ तोच वाचा, भागाकाराची पण गरज नाही.

जोडीला एक कॅलरीची तपासणी करून घ्या, दोन मिनिटं लागतात. प्रोटीन गुणिले ४, कार्ब गुणिले ४, चरबी गुणिले ९, सगळ्याची बेरीज. २५ ग्रॅम प्रोटीनचे १००, ३ ग्रॅम कार्बचे १२, दीड ग्रॅम चरबीचे साडेतेरा, म्हणजे १२५ च्या आसपास. लेबलवर १२० किंवा १३० असेल तर ठीक, आकडे गोल करतात. लेबलवर १७० असेल तर काहीतरी जुळत नाहीये.

आता गंमत बघा, केसीनचा भागाकार पण ७०-७५ च्या आसपास येतो आणि कॉन्सन्ट्रेटचा पण. म्हणजे मी तेव्हा हा भागाकार केला असता तरी फसलेच असते. म्हणून पुढची पायरी सोडायची नाही.

४. घटकांची यादी, त्यातही पहिले तीन शब्द

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सर्वात जास्त ते सर्वात आधी. पहिला शब्द व्हे आयसोलेट आहे का, कॉन्सन्ट्रेट आहे का, मायसेलर केसीन आहे का, माल्टोडेक्स्ट्रिन आहे का, एवढं वाचलं तरी डब्याची जात कळते.

पण ब्लेंडमध्ये गंमत असते. यादीत लिहितात "प्रोटीन ब्लेंड" आणि पुढे कंसात चार नावं. गोल्ड स्टँडर्ड व्हेमध्ये कंसात आयसोलेट पहिलं आणि कॉन्सन्ट्रेट त्याच्या मागे, म्हणजे आयसोलेट कॉन्सन्ट्रेटपेक्षा जास्त आहे हे नक्की, पण किती जास्त ते ह्या क्रमावरून कळत नाही. ५५-४५ असेल किंवा ९०-१०, क्रम तोच राहतो. काही डबे पुढच्या बाजूला भलं मोठं "आयसोलेट" लिहितात आणि मागे कंसात कॉन्सन्ट्रेट पहिलं असतं, आयसोलेट नावाला. असं दिसलं की भागाकार आठवा: पुढे आयसोलेट आणि टक्के ७२, तर तो डबा आयसोलेट नाही, लेबल कितीही चकाचक असो.

यादीत आणखी काय बघायचं:

लेसिथिन, सोयाचं किंवा सूर्यफुलाचं. हे पावडर पाण्यात पटकन मिसळावी म्हणून टाकतात, घाबरायचं कारण नाही. फक्त सोयाची ॲलर्जी असेल तर कुठलं लेसिथिन ते वाचा. हे नसलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात आणि लोक म्हणतात माल नकली.

झँथन गम, ग्वार गम वगैरे घट्टपणा आणायला असतात. सुक्रालोज, एसेसल्फेम पोटॅशियम, स्टीव्हिया हे गोडवा. फेनिलकीटोन्युरिया (फेनिलॲलनीन हे अमिनो ॲसिड शरीराला न झेपणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी ॲस्पार्टेम आहे का ते बघावंच लागतं, आणि मुळात त्यांनी कुठलंही प्रोटीन डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं.

ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटिन ही नावं साध्या व्हेच्या यादीत दिसली तर कान टवकारा. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची, १८८३ ची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली, म्हणजे बिअरच्या दुनियेतून आलेली. त्यात प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि एका आकड्याने गुणतात, दुधाच्या प्रोटीनसाठी ६.३८. मग स्वस्तातलं, नायट्रोजन असलेलं काहीही मिसळलं तरी मशीनला ते प्रोटीनच वाटतं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं होतं ते ह्याच पळवाटेने, त्यात लहान मुलं दगावली. पावडरीत ग्लायसीन-टॉरीन टाकून आकडा फुगवायचा प्रकार असतो, त्याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. ओळखायचं कसं, तर अमिनो ॲसिडचा तक्ता दिला असेल तर ल्यूसीन बघा. व्हेच्या प्रोटीनमध्ये ल्यूसीन साधारण १० टक्के असतं, म्हणजे २५ ग्रॅम प्रोटीनमागे अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. दीडवर आलं असेल तर तो डबा ठेवून द्या. क्रिएटिन मुद्दाम मिसळून तसं ठळक लिहून विकतात ती वेगळी गोष्ट, पण मग तुम्ही क्रिएटिन वेगळं पण घेत असाल तर डबल होतंय हे लक्षात ठेवा.

५. पोट बिघडतंय म्हणून आयसोलेटवर उडी मारण्याआधी

हा भाग खास दूध न पचणाऱ्यांसाठी. ८० टक्केवाल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ४ ते ८ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये फार तर अडीच ग्रॅम. २५० मिली दुधाच्या ग्लासात १२ ग्रॅमच्या आसपास असतं. लॅक्टोज न पचणारे बरेच लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारशा त्रासाशिवाय घेऊ शकतात, सगळे नाही पण बरेच. तेव्हा एका स्कूपने पोट फुगत असेल तर लॅक्टोजवर आरोप करण्याआधी स्वतःला विचारा की तुम्ही ती पावडर कशात मिसळताय? माझ्या एका मैत्रिणीने कॉन्सन्ट्रेट सोडून महागातलं आयसोलेट घेतलं आणि ते रोज मोठ्या ग्लासभर दुधात ढवळून प्यायची. आयसोलेटमधून जेवढं लॅक्टोज वाचवलं त्याच्या कितीतरी पट दुधातून परत आत.

क्रम असा ठेवा: आधी पाण्यात घेऊन बघा, मग अर्धा स्कूप करून बघा, मग स्वीटनर बदलून किंवा बिनफ्लेवरचं घेऊन बघा, आणि तरीही त्रास असेल तर आयसोलेट.

आणि हे नीट वाचा: लॅक्टोज न पचणं वेगळं, दुधाची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जी दुधाच्या प्रोटीनची असते आणि आयसोलेटमध्ये तर तेच ठासून भरलंय. ॲलर्जी असेल तर व्हे, केसीन, हायड्रोलाइज्ड ह्यातलं काहीच स्वतःच्या मनाने ट्राय करायचं नाही.

६. फ्लेवर बदलला की आकडे बदलतात

छोटी गोष्ट आहे पण लोक गोंधळतात. चॉकलेटमध्ये कोको असतो, तो जागा खातो, मग एकतर प्रोटीन एखादा ग्रॅम कमी होतं किंवा सर्व्हिंगचं वजन थोडं वाढतं. कुकीचे तुकडे वगैरे असलेल्या फ्लेवरमध्ये आणखी. बिनफ्लेवरच्या डब्यात टक्केवारी सर्वात जास्त. तेव्हा दोन प्रकारांची तुलना करताना दोन्हीचा फ्लेवर एकच घ्या, नाहीतर आयसोलेट विरुद्ध कॉन्सन्ट्रेट बघताय असं वाटतं आणि खरं तर व्हॅनिला विरुद्ध चॉकलेट बघत असता.

७. स्कूप वजनकाट्यावर ठेवा

एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या डब्यांतले स्कूप वेगवेगळ्या मापाचे असतात, आणि आपण जुना स्कूप धुऊन नवीन डब्यात टाकतो. मी टाकायचे. केसीनचा स्कूप आयसोलेटला, आयसोलेटचा गेनरला, सगळा कारभार.

काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा, एक सपाट स्कूप टाका आणि लेबलवरच्या ग्रॅमशी जुळवा. दाबून भरलेला आणि अलगद भरलेला स्कूप ह्यात सहज चार-पाच ग्रॅमचा फरक पडतो. नवीन डबा उघडल्यावर तो अर्धवट रिकामा दिसतो तेव्हा पण काटाच कामाला येतो, पावडर वाहतुकीत खाली बसते, त्यामुळे डब्यातली रिकामी जागा बघून भांडायला जाऊ नका, निव्वळ वजन बघा. स्कूप बहुतेक वेळा तळाशी गाडलेला असतो, स्वच्छ कोरड्या चमच्याच्या दांड्याने शोधा, ओला हात घालू नका.

८. डबा उघडल्यावर घरच्या घरी खात्री

लेबल वाचून झालंय आणि तरी शंका आहे, किंवा दोन पावडरी बिनलेबलच्या बरण्यांत ओतून ठेवल्यात आणि आता कुठली कुठली ते आठवत नाही (हे होतं, हसू नका), तर हे करा.

साधं पाणी. एका ग्लासात अर्धा स्कूप ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. व्हे पातळच राहतं, आयसोलेट कॉन्सन्ट्रेटपेक्षा थोडं जास्त पातळ. केसीन घट्ट होत जातं. मात्र गम टाकलेलं व्हे पण जरा दाटतं, म्हणून पुढची परीक्षा.

लिंबू. पाण्यात ढवळलेल्या पावडरीत लिंबाचा रस थोडा थोडा टाका. केसीन आम्लात तग धरत नाही, पीएच ४.६ च्या आसपास आलं की गुठळ्या होऊन वेगळं होतं, दूध नासतं ना अगदी तसंच. व्हे त्या आम्लात विरघळलेलंच राहतं. व्हे-केसीन मिश्रण असेल तर थोड्या गुठळ्या, थोडं गढूळ पाणी.

गरम पाणी. इथे उलटं होतं. व्हे उकळत्या पाण्यात टाकलं की त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा चोथा होतो, केसीन उष्णता बऱ्यापैकी सहन करतं. कडक गरम कॉफीत व्हे टाकून "गुठळ्या झाल्या, माल नकली" म्हणणारे खूप भेटलेत मला. माल ठीक असतो, कॉफी आधी थोडी निवू द्यायची.

ह्या परीक्षांनी जात कळते, शुद्धता नाही. कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट ह्यांत फरक करायला घरगुती युक्ती मला तरी खात्रीची सापडली नाही. आणि पावडर जाळून, आयोडीन टाकून असली-नकली सांगणारे व्हिडिओ असतात त्यातलं आयोडीनवालं फक्त स्टार्च आहे का एवढंच सांगतं, प्रोटीन किती आहे ह्याबद्दल काही सांगत नाही.

९. दुसऱ्यांदा मागवताना

पहिल्यांदा सगळे काळजीने वाचतात, फसायला होतं ते दुसऱ्या वेळी.

जुन्या डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि नवीन मागवताना शेजारी धरून चार गोष्टी जुळवा: नावातला शेवटचा शब्द, सर्व्हिंगचं वजन, प्रोटीनचे ग्रॅम, यादीतला पहिला घटक. चारही जुळले तर तोच माल. "नवीन फॉर्म्युला" किंवा "सुधारित" लिहिलं असेल तर तो नवीन डबाच समजा आणि पायरी ३ पासून परत या. वेगवेगळ्या देशांत एकाच नावाखाली वेगळा फॉर्म्युला पण असू शकतो, म्हणून बाहेरून कोणी आणून दिलेला डबा "तोच तर आहे" म्हणून न वाचता सुरू करू नका.

ऑनलाइन घेताना एकाच पानावर सगळे प्रकार आणि फ्लेवर छोट्या चौकोनांत दिलेले असतात, एक चौकोन चुकून दाबला की वरचा फोटो जवळजवळ तसाच राहतो आणि माल बदलतो. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर पूर्ण नाव पुन्हा वाचा. माझं केसीन असंच आलं होतं.

डबा आल्यावर सील, बॅच नंबर, एक्सपायरी बघा, आणि कंपनीने तपासायला कोड दिला असेल तर तो कंपनीच्याच साइटवर टाका, डब्यावर चिकटवलेल्या कुठल्याही क्यूआरवर भरवसा ठेवून नाही, कारण नकली डबा करणारा नकली साइट पण करतो. स्पर्धेत उतरणारे असाल तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टची खूण शोधा (खेळात बंदी असलेलं काही त्यात नाही ना, हे तपासून देतात ती), आणि ती खूण त्या ब्रँडच्या सगळ्या डब्यांना लागू असते असं नाही, नेमक्या तुमच्या प्रकाराचं नाव त्यांच्या यादीत आहे का ते बघावं लागतं.

लोक नेहमी विचारतात ते

*चुकून केसीन आलं, आता?* फेकू नका. पाणी जास्त घाला, ढवळून लगेच प्या, किंवा मुद्दाम घट्ट करून चमच्याने खा. माझा तो अख्खा डबा मी रात्री असाच संपवला आणि खरं सांगू, घट्ट केलेलं आवडायला लागलं.

*चुकून गेनर आला?* लेबलवरचं सर्व्हिंग विसरा, पाव सर्व्हिंग घ्या आणि दिवसाच्या कॅलरीत धरा. वजन कमी करताय तर देऊन टाका कोणाला तरी.

*कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट मिसळून चालेल का?* चालेल की, कंपन्या तेच करून ब्लेंड नावाने विकतात.

*डब्यावर बीसीएए वेगळे टाकलेत असं लिहिलंय, जास्त चांगलं का?* बीसीएए म्हणजे ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन ही तीन अमिनो ॲसिड, आणि हे तिन्ही व्हेमध्ये मुळातच असतात. वेगळे टाकलेत की आधीच असलेले मोजून दाखवलेत ते यादीत बघा, बहुतेक वेळा दुसरंच असतं.

एक शेवटचं, घरात दोघं-तिघं वेगवेगळं घेत असतील तर झाकणावर जाड मार्करने तीनच गोष्टी लिहून ठेवा: प्रकार, टक्के, उघडल्याची तारीख. आमच्याकडे सध्या एका झाकणावर "आयसोलेट ८३" आहे आणि दुसऱ्यावर "केसीन, रात्रीचं, फोन आला तरी आधी पी".